हातगाडी आधी मागे जाते

नागपूरजवळच्या खापा गावातल्या वैभवीने नागपूरच्या मिहान उद्योगनगरीतल्या एका ॲनिमेशन स्टुडिओला मेल पाठवला आणि मग तो वडिलांना, केशवरावांना वाचायला दिला. तिने लिहिलं होतं : ‘मला ऑटिझम आहे. समोर बसून प्रश्न विचारले की माझं बोलणं बंद होतं. आधी दोन ठिकाणी तसंच झालं. तुम्ही काम लिहून द्या, मी करून दाखवते. खोलीत आवाज नको.’

“नोकरी मागणारं माणूस अशी अट घालते का वं?” केशवराव म्हणाले.

तासाभरात दिग्दर्शिका नूपुरचं उत्तर आलं. ‘चालेल. बुधवारी अकराला या.’

बुधवारी स्टुडिओत एक शांत खोली तिच्यासाठी मोकळी होती. टेबलावरच्या कागदावर काम लिहिलेलं : पोत्यांनी भरलेली हातगाडी एक हमाल चढावर ओढतो. स्टुडिओतल्यांनी हा शॉट सात वेळा केला होता, पण गाडी दर वेळी रिकामीच वाटायची. भिंतीवर त्यापुढच्या, गाडी उतरणीवरून येण्याच्या शॉटची चित्रं लावलेली होती. वेळ संध्याकाळी सहापर्यंत.

एक वाजला तरी वैभवीने रेघही ओढली नव्हती. बाहेर थांबलेले केशवराव दारातून डोकावले.

“काहून काही काढून नाही राहिली?”

“मले खरी गाडी पाहायची आहे. इतवारीच्या बाजारात चला.”

आता संपलं, असं त्यांना वाटलं. पण मागे उभ्या नूपुरने कारची किल्ली उचलली. “चला, मीही येते.”

इतवारीत टेम्पोंचे हॉर्न कोकलत होते. वैभवी कानांवर हेडफोन चढवून धान्याच्या गल्लीत, चढाच्या तोंडाशी उकिडवी बसली. नजर फक्त चाकांवर आणि हमालांच्या टाचांवर. येणारे-जाणारे वळून बघायला लागले, तसे केशवराव तिच्या आड उभे राहिले. तिसरी गाडी निघाली आणि ती ताडकन उठली.

“मागं जाते! मॅडम, आधी मागं जाते!”

खरंच की! चाकामागचा दगड काढताच भरलेली गाडी बोटभर मागे सरकत होती. हमालाची टाच रुतत होती, पाठ ताणली जात होती आणि मगच चाक पुढे फिरत होतं.

“सात वेळा केलं आम्ही,” नूपुर ओरडलीच, “पण हे कुणी पाहिलंच नाही!”

पावणेसहाला छत्तीस चित्रं तयार झाली. पडद्यावर गाडी मागे घसरली, पोत्यांनी हिसका खाल्ला आणि ओझं चढावर निघालं. सगळ्यांनी एकच जल्लोष केला. वैभवीने कान झाकले. नूपुरने झटकन दोन्ही हात वर करून पंजे हलवले. बाकीच्यांनीही तसंच केलं. आवाज न करता आठ-नऊ माणसं उड्या मारत होती आणि त्यांत केशवरावही होते. वैभवी खळखळून हसली.

नूपुरने कागदावर लिहिलं, ‘सोमवारपासून येशील?’

“येईन,” वैभवी म्हणाली. “पण तुमचा उतरणीचा शॉटही चुकला आहे. तो आत्ताच द्या मले.”