बाहेरून आरसा, आतून आरपार

जीवनला तेहतिसावं लागलं त्याच वर्षी त्याच्या बापाच्या, आश्रुबाच्या, घराला मोठी खिडकी बसली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं ज्याला वाटत असेल, त्याने केज तालुक्यात मुलासाठी एखादं स्थळ शोधून बघावं.

तीन स्थळं मोडली होती. पहिल्यांनी घर नाही म्हणून नकार दिला. ते खरंच होतं, कारण आश्रुबाचा जन्म मेंढरांमागे पालात गेलेला. मग त्याने माळावरच्या आपल्या जागेत, जिथे इतकी वर्षं मेंढरांचं वाडगं होतं तिथेच, दोन खोल्या बांधल्या. दुसऱ्यांनी खोल्या मोजल्या आणि दोनच भरल्या. तिसऱ्यांसाठी तिसरी खोली बांधली, तर त्यांनी खोल्या मोजल्याच नाहीत. ते खिडकीच्या गजांकडे बघत चहा प्यायले आणि जाता जाता मुलीचा चुलता म्हणाला, "कोठडीवाणी दिसतंय."

चौथं स्थळ घाटनांदूरचं. मुलगी ऋतुजा, बारावी झालेली. मध्यस्थ मोहनराव, ज्यांनी जमवलेल्या लग्नांपैकी बरीचशी अजून टिकून होती. त्यांनी आश्रुबाला बाजूला घेऊन सांगितलं, "हे शेवटचं बरं का. यापुढं मला विचारू नका. अन् मुलीनं फोटो पाठवलेत."

"तिचे?"

"खिडक्यांचे."

जीवनने ते फोटो आठवडाभर पाहिले. शेवटी एका संध्याकाळी त्याने बापाला समजावलं. "दादा, आजकाल घराला खिडकी नसती. खिडकीला घर असतं. फ्रेम काळी. गज न्हाई, नक्षी न्हाई. खालपासून वरपर्यंत एकच काच."

बीडच्या दुकानात बापलेक गेले तेव्हा विकणाऱ्या पोराने त्यांना बसून चहा पिण्याची खिडकी दाखवली, कोपऱ्यात वळणारी खिडकी दाखवली, छतातली खिडकी दाखवली. आश्रुबाने सगळं पाहिलं आणि फोटोतल्यासारखीच निवडली. मग त्याने अदबीने विचारलं, "ही उघडती कुठून?"

"काका, ही उघडत न्हाई. ही बघायची खिडकी हाय."

"मग वारं?"

"वाऱ्याला एसी असतो."

आश्रुबाने मान हलवली. त्याच्याकडे एसी नव्हता, पण एवढ्या चांगल्या दुकानात ते बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं. "पण माळावरनं जाणाऱ्याला आतलं समदं दिसंल की."

त्यावर पोराने हुकमाचं पान टाकावं तशी एक चकचकीत काच पुढे सरकवली. बाहेरून आरसा, आतून आरपार. आपण जग बघायचं, जगाने स्वतःला बघायचं.

खिडकी बसली. काचेवर कंपनीची निळी प्लास्टिकची फिल्म होती. ती पाहुणे येईपर्यंत काढायची नाही असं घरात ठरलं. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक पाहुण्यांच्या मानाचं असतं. दगडाबाईने, म्हणजे आश्रुबाच्या बायकोने, त्या निळ्या पसाऱ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "भिंत पाडून भिंतच बसवली. निळी."

पाहुणे सकाळी येणार होते. आश्रुबाचा भाऊ धर्मराज याला मेंढरं घेऊन पहाटेच लांब पाठवलं. "फोन केल्याशिवाय यायचं न्हाई," असं त्याला दोनदा बजावलं. मोहनरावांचीच तशी सूचना होती. घाटनांदूरकरांचे आजोबा मेंढपाळच होते, आणि ज्यांची मेंढरं सुटून दोन पिढ्या झाल्या त्यांना वासाचा फार त्रास होतो.

मग फिल्म सोलली. काच अशी झळकली की माळावरच्या एका बाभळीच्या दोन झाल्या. दगडाबाई अंगणात उभी राहिली, खिडकीत बघून तिने पदर सारखा केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला ती खिडकी बरी वाटली.

पाहुणे चार वाजून गेल्यावर आले. मुलीकडच्यांनी वेळेवर येणं कमीपणाचं असतं. ऋतुजाचा मामा शहादेव पुढे, मागे मोहनराव आणि आणखी दोघं. बैठकीत सगळे खिडकीकडे तोंड करून बसले. शहादेवमामांनी वरपासून खालपर्यंत काच बघितली आणि म्हणाले, "झकास. पुण्यात आमच्या साडूकडं सेम हाय."

आश्रुबाच्या छातीतला दगड इंचभर सरकला. तेवढ्यात लाईट गेली.

पंखा थांबला. उन्हाळ्याचा दिवस, खिडकीचं तोंड मावळतीला, आणि ऊन त्या काचेतून सरळ मामांच्या मांडीवर येऊन बसलं. थोड्या वेळाने मामांनी टोपी काढली. आणखी थोड्या वेळाने त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि म्हणाले, "जरा खिडकी उघडा की."

आश्रुबाने जीवनकडे पाहिलं, जीवनने फरशीकडे.

"ती उघडत न्हाई मामा," जीवन म्हणाला. "फिक्स हाय. सध्या तसंच चालू हाय."

"ते हायेच," मामा घाईने म्हणाले. "साडूकडची बी उघडत न्हाई. मी आपलं इचारलं." आणि जे पुण्यात चालतं ते घाटनांदूरलाही सोसतं हे दाखवायला ते ताठ बसून घाम गाळू लागले. त्यांच्याबरोबरचे दोघंही ताठ बसले. मोहनराव हातरुमाल पिळायला बाहेर जाऊन आले. एकूण बैठक जमत चालली होती.

"पोरगं निर्व्यसनी हाय?" मामांनी विचारलं.

"सुपारी बी न्हाई," आश्रुबा म्हणाला.

"मग चहा येऊ द्या." मुलीच्या मामाने आपण होऊन चहा मागणं म्हणजे काय, हे आश्रुबाला तीन स्थळांच्या अनुभवाने कळत होतं. त्यांतल्या एकानेही मागितला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. ते लपवायला त्याने खिडकीकडे पाहिलं, तर माळावरून धुळीचा लोट येत होता.

धर्मराजची चूक नव्हती. सकाळी येणारे पाहुणे संध्याकाळी बसलेले असतील हे कोणाच्या डोक्यात येईल. शिवाय मेंढरांना पाण्याची वेळ कळते, फोन कळत नाही. ती धर्मराजला मागे टाकून आपल्या जुन्या वाडग्याच्या जागेकडे, म्हणजे घराकडे, निघाली होती. सगळ्यांत पुढे वजीर. वजीर हा कळपाचा एडका. शिंगं दोन वेटोळ्यांची, मान पिंपासारखी. या जागेत दुसरा एडका त्याने आजवर उभा राहू दिला नव्हता.

तो अंगणात आला आणि थबकला. समोर, त्याच्याच जागेत, दुसरा एडका उभा होता.

"वा," मामा कौतुकाने म्हणाले. "जनावर भारी हाय. आपल्याकडंच बघतंय."

"त्याला आपण दिसत न्हाई मामा," जीवन म्हणाला. "त्याला तोच दिसतोय."

वजीरने मान खाली घातली. समोरच्यानेही घातली. मग वजीर सावकाश, पाय मोजल्यासारखा, मागे सरकू लागला.

"बघा," मामा सोबत्यांना म्हणाले, "मुक्या जनावराला बी समज असती. पाव्हणं बसल्यात म्हणून मागं सरकलं."

एडका का मागे सरतो हे आश्रुबाला बोलता येऊ लागण्याच्या आधीपासून माहीत होतं. जितका मागे जाईल तितकी टक्कर मोठी. आणि वजीर अजून मागेच चालला होता.

"हेऽ वजीर, हुर्रर्र," आश्रुबा बसल्या जागेवरून ओरडला. आवाज काचेला लागून परत बैठकीतच आला. मामांच्या हातून टोपी पडली. बाहेर वजीरचा कानसुद्धा हलला नाही. खिडकी उघडणारी असती तर एका हाकेचं काम होतं.

आश्रुबा उठून धावला. दार बाजूच्या भिंतीत होतं, तिथून अंगणाला वळसा होता. त्या वळशात त्याला काच दिसत नव्हती, जीवन दिसत होता. चाळिशीचा जीवन, पन्नाशीचा जीवन, स्वतःच्या हाताने भाकरी थापणारा. तो काचेपुढे पोचला आणि हात पसरून वळला, तोवर वजीर निघालेला होता.

टक्कर मांडीवर बसली. फांदी मोडावी तसा आवाज झाला. आश्रुबा खाली पडला आणि पडल्या पडल्या त्याने पहिल्यांदा मागे वळून काचेकडे बघितलं. काच शाबूत होती. आत मामा हसत होते, उठत होते की निघत होते, हे बघायला त्याने डोळे ताणले. त्याला तिथे मातीत पडलेला एक म्हातारा दिसला आणि त्याच्या शेजारी गोंधळलेला एडका. दुसरं काही दिसेना.

सगळे बाहेर धावले. दगडाबाईच्या हातात चहाचं ताट तसंच होतं.

"मला काय बी झालं न्हाई," आश्रुबा म्हणाला. त्याचा पाय भलत्याच दिशेला वळला होता. "आत बसा. चहा निवल."

"आमच्या जीपमधी घाला, केजला दवाखान्यात नेतो," मामा म्हणाले.

"आधी चहा घ्या."

मामा त्याच्याजवळ उकिडवे बसले. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर त्यांचं बोलणं जास्त लागलं. "राग मानू नका, पाव्हणं. घर चांगलं, पोरगं चांगलं. पण काच फुटू नये म्हणून घरातला बाप आडवा होतो. उद्या आमच्या पोरीला कशाकशापुढं आडवं व्हावं लागंल, सांगा."

"तिला न्हाई होऊ देणार," आश्रुबा म्हणाला. "मी हाय की आडवा व्हायला."

मामांनी यावर मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. आश्रुबाने जीपमध्ये चढायला नकार दिला. पाहुण्यांच्या गाडीत आपण निजून जायचं म्हणजे उरलीसुरली अब्रू गेली, असं त्याचं म्हणणं होतं. जीप गेली. मोहनरावही तिच्यातूनच गेले, मागे न बघता. जीवनने अँब्युलन्सला फोन लावला आणि बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

"कशाला गेलात मधी?" तो म्हणाला. "फुटली असती तर फुटली असती, दादा."

"अन् तू?"

जीवनने बापाच्या कपाळावरची माती पुसली.

या सगळ्यात वजीरकडे बघायला कोणाला सवड नव्हती. तो पुन्हा मागे सरकत गेला होता, या वेळी पार बाभळीपर्यंत. धर्मराज कळपामागून धापा टाकत येत होता. त्याने हाक मारली तेव्हा उशीर झाला होता. वजीर तिघांच्या बाजूने सुसाटत गेला आणि काचेवर जाऊन आदळला.

देवळातली मोठी घंटा वाजावी तसा आवाज झाला. काच थरथरली आणि गप उभी राहिली. तिच्यावर एक चरासुद्धा नव्हता. वजीर पुढच्या गुडघ्यांवर बसला, उठला आणि समोरच्याला वाट देऊन पाण्याकडे निघून गेला.

मग आश्रुबाने जीवनची बाही धरली.

"फोन लाव मोहनरावांना."

"दादा, गप पडा."

"लाव म्हणतो ना. सांग त्यान्ला, काच फुटत न्हाई. आमाला ठावं नव्हतं. आता कुणाला बी आडवं व्हायचं काम न्हाई म्हणावं."

जीवनने फोन लावला आणि बापाच्या कानाशी धरला. तिकडे रिंग वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद झाली.

"जीप हाय ना, आवाजात ऐकू येत नसंल," आश्रुबा म्हणाला. "पुन्हा लाव."