फोनातला दिवा

अशी कल्पना करा, की तुमच्या हातात एक फोन आहे. त्याच्या काचेवर पिवळा त्रिकोण उमटला आहे आणि त्रिकोणात वर निमुळता, खाली गोल असा एक आकार आहे. खाली इंग्रजीत दोन-चार ओळी आहेत, पण तुम्हाला इंग्रजी येत नाही. आता सांगा, तो आकार कशाचा? पाण्याचा थेंब, की दिव्याची ज्योत? सावकाश सांगा. अकोटच्या नत्थुजींनीही घाई केली नव्हती.

त्यांच्याजवळचा फोन मुलाचा होता, किशोरचा. किशोर अकोल्याच्या दवाखान्यात भरती झाला, तेव्हा त्यानं तो बापाच्या हाती दिला आणि सकाळी आठचा गजर लावून ठेवला. गजर म्हणजे घंटी नव्हे, त्याचा स्वतःचा आवाज. "बाबा, गोळी खाल्ली का? नसन खाल्ली तं आत्ता खा. मी इथंच आहो."

किशोर घरी परतला नाही. गजर मात्र रोज वाजत राहिला. "खातो रे बाप्पा, खातो," असं म्हणत नत्थुजी रक्तदाबाची गोळी घेत. किशोरची मुलगी प्रणाली दप्तर भरता भरता तो आवाज ऐकायची. त्याची दुसरी प्रत कुणी करून ठेवली नव्हती. रोज बोलणारा माणूस उद्या बोलणार नाही, असं कुणाच्या मनात येतं?

दसरा आला. घराघरांत पाटावर हत्यारं मांडली गेली. नत्थुजींनी विळा ठेवला, कुऱ्हाड ठेवली, किशोरचे पेचकस ठेवले आणि शेवटी तांब्याला टेकवून तो फोनही ठेवला.

"आबा, फोन काय हत्यार आहे?" प्रणाली हसली.

"तुह्यासाठी नसन. मले तं यानंच जगवलं न."

फोन उलटा टेकवलेला होता, चार्जरचं भोक वर. नत्थुजींनी झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडलं, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि संध्याकाळी रोजच्यासारखा चार्जर लावला.

प्रणाली सोनं वाटायला निघाली होती. तेवढ्यात आतून हाक आली.

"पोरी, पाय बरं! किशोरच्या फोनात दिवा लागला!"

"दसरा आहे न आबा, लागन!" असं म्हणत, मुठीत आपट्याची पानं घेऊन ती पळाली. तिनं वळून पाहिलं नाही. नत्थुजींनी त्या ज्योतीला हात जोडले आणि चार्जर तसाच राहू दिला.

सकाळी आठ वाजून गेले. नत्थुजी तळहातावर गोळी घेऊन बसले होते.

"आज बोलून नाई राहिला व."

प्रणालीनं बटण दाबलं. काच काळीच. तिनं चार्जर बदलला, भिंतीवरचा प्लग बदलला, बटण दाबून धरून आकडे मोजले. काही नाही. मग आबांचा हात धरून ती बसस्टँडजवळच्या गोपालच्या दुकानात गेली. आबा बाहेरच्या बाकावर बसले.

गोपालनं भिंगातून पाहिलं. "भोकात ओलं कुंकू आहे. काल याच्यावर काही दिसलं होतं का? थेंबावानी?"

"आबा म्हणत होते, दिवा लागला."

गोपाल भिंग ठेवून पुढं झुकला. मग हळू आवाजात म्हणाला, "तो पाण्याचा थेंब होता बाई. आत ओल आहे, चार्जर काढा, असं फोन सांगत होता. ओल्यातच रातभर करंट भेटला. आतली सर्किटची पाटी जळली."

"त्यातला आवाज?"

"नाई निघत. अकोल्याले पाठवलं तरी नाई."

प्रणालीनं फोन घेतला. भोकाच्या कडेला लाल लागलं होतं. ते तिनं फ्रॉकच्या आतल्या बाजूला पुसलं आणि बाहेर आली.

"काय म्हणे गोपाल?" नत्थुजींनी विचारलं. "माह्या हातून काही बिघडलं का?"

"नाही आबा. फोनच जुना झाला होता."

"अन् तो दिवा?"

काल आपण फक्त एकदा वळून पाहिलं असतं, तर! प्रणालीनं आबांचा हात धरला.

"दिवाच होता, आबा."

दुसऱ्या दिवशी आठला घर गप्प होतं. नत्थुजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. प्रणालीनं भरलेलं दप्तर खाली ठेवलं, पेल्यात पाणी ओतलं, गोळी घेतली आणि खाटेजवळ उभी राहिली.

"आबा, गोळी खाल्ली का?" ती म्हणाली. "नसन खाल्ली तं आत्ता खा. मी इथंच आहो."

आणि शाळेची घंटा ऐकू आली, तरी ते उठून बसेपर्यंत ती पेला धरून तिथंच उभी राहिली.