आईच्या हिरड्यांचं माप

मी दातांच्या कवळ्या करतो. तीस वर्षं झाली. खोलीतल्या फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे मांडलेले असतात आणि जेवताना समोर तेच. घरात दुसरं कुणी नाही. साचे न विचारता सल्ला देत नाहीत, एवढं बरं.

आईची जुनी कवळी फुटली तेव्हा वृद्धाश्रमात जाऊन मीच तिच्या हिरड्यांचं माप घेतलं. "आठवड्यात देतो," म्हणालो. साचा करून फळीवर ठेवला, तोच दातांच्या डॉक्टरांचा फोन. माझं निम्मं काम त्यांच्याकडून येतं. "एवढं एक अर्जंट बघा ना, तुमच्याशिवाय कोण करणार?" मी लगेच विरघळलो. मग आणखी एक अर्जंट, मग आणखी एक. नाही म्हणायला माझी जीभच रेटत नाही. आईचा साचा मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. फोनवर ती म्हणायची, "तुझं होऊ दे आधी. मला काय, पातळ चालतं."

सहा महिने गेले. शेवटी एका रविवारी दार लावून बसलो आणि जीव ओतून कवळी केली. सोमवारी तिच्या तोंडात बसवली. ती हसली आणि कवळी घसरून मांडीवर पडली.

दात नसले की हिरड्या झिजत जातात. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी मात्र सहा महिन्यांपूर्वीच्या आईसाठी कवळी घेऊन आलो होतो. स्वतःची भयंकर चीड आली.

तिनं कवळी पदरानं पुसली. "छान झालीय रे. ठेवते जवळ. तू नीघ, कामं असतील."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. डॉक्टरच.

"उद्या सकाळी एक हवीय. पेशंट गावाला चाललाय."

"नाही जमणार."

"तब्येत बरी नाही का?"

"मी बरा आहे. आईची कवळी करायचीय."

"बरं, मग दुसऱ्या कुणाला सांगतो."

म्हणजे दुसरा कुणीतरी होता. इतकी वर्षं होता.

पिशवीतून मापाचं सामान काढलं. "आ कर, आई." तोंडातला मापाचा लगदा घट्ट होईपर्यंत दोन मिनिटं तिनं हलायचं नाही, मी बोटं काढायची नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली. किती वाळली होती ती.

माप निघालं. स्वच्छ, एकदम नीट आलं होतं. तिनं तोंड पुसलं, दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "पुन्हा एकदा घ्यायचं का?"

"घेऊ या," मी म्हटलं.