रिंछाच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, मी कुत्र्याच्या गळ्यातला एक जुना लोखंडी पट्टा आहे. माझा मालक मचलू, त्याची थोरली बहीण लग्न होऊन खिंडीपलीकडे गेली, त्या वर्षी गावच्या लोहाराने मला घडवले. बिबट्या कुत्र्याला गळ्याशी धरतो, म्हणून माझ्या अंगावर काटे. मी असलो की त्याचेच तोंड फाटते.

आम्ही हिमाचलच्या डोंगरातल्या गद्दी मेंढपाळांच्या घरचे. मचलूच्या कळपामागे आधी बाघा कुत्रा मला घालून चालला, मग डब्बू, मग भूरी. बर्फ ठिसूळ आहे हे ओळखून बाघाने एकदा मचलूची वाट अडवली, म्हणून मचलू वाचला. भूरीने बिबटे परतवले, त्यात माझे काटे वाकले. ते मी अजून मिरवतो.

पुढे मचलूच्या मुलाने खाली शहरात नोकरी धरली. कळप विकला गेला आणि मी खुंटीवर गंजत राहिलो. म्हातारपणी मचलूला सून बिमलोने अक्षरे शिकवली. तो आपले आयुष्य लिहू लागला. प्रत्येक धड्याला एका कुत्र्याचे नाव, आणि कुत्रा गेल्यावरच त्याचा धडा लिहायचा, हा त्याचा नेम.

"बापूजी, तुमचं लग्न कुठंय यात? सासूबाई असत्या तर लाटणं घेऊन आल्या असत्या."

"आहे की. डब्बूच्या धड्यात. वरातीत तोच पुढे होता."

मचलू लिहीत असताना भूरीचा नातू रिंछा त्याच्या पायांवर डोके टेकून बसे. पाय गरम नसले तर अक्षर सुटत नाही, असे मचलू म्हणे. एक दिवस लाडाने त्याने मला तेल चोळले आणि रिंछाच्या गळ्यात घातले. आमच्याकडची रीत अशी की ज्याच्या गळ्यात काटे, त्याने कळपामागे जायचे, चुलीपाशी राहायचे नाही. मचलूला ती ठाऊक होती. तरी त्याने घातले.

कळप वरच्या कुरणांकडे निघायच्या दिवसांत मचलूचा पुतण्या धर्मू आला; त्याचा कळप अजून होता. बिबट्याने त्याचा कुत्रा नेला होता, पट्ट्यासकट. खिंड पुढे होती, आणि आता पट्टे घडवणारा लोहार उरला नव्हता. चहा पिता पिता त्याने माझ्याकडे पाहिले.

"काका, तुमच्या कोंबड्यांवर बिबटे फार येतात वाटतं."

बिमलो म्हणाली, पट्टा न्या, कुत्रा राहू द्या. यांना दुसरी सोबत नाही. मचलूने रिंछाच्या मानेवर बराच वेळ हात ठेवला.

"नुसतं लोखंड नेऊन काय करशील? दोघांना ने."

"आणि तुमचं लिहिणं, बापूजी?"

"मोजे घालीन."

मित्रांनो, त्या उन्हाळ्यात वरच्या कुरणात धुक्यातून बिबट्या आला. रिंछा मागे हटला नाही आणि मीही नाही. माझा आणखी एक काटा वाकला, पण मेंढरू एकही गेले नाही. म्हणून सांगतो, जुन्या वस्तूला तेल जरूर लावा, पण तिचे काम तिच्याकडून काढून घेऊ नका.

कळप परतला तेव्हा रिंछा धावत थेट मचलूच्या बाजेपाशी गेला. बाज उभी करून ठेवली होती. बिमलोने वही आणली. शेवटच्या धड्यावर रिंछाचे नाव होते, खाली पान मचलूने कोरेच सोडले होते. तिथे तिने आता स्वतः लिहिले आणि धर्मूला वाचून दाखवले:

"रिंछा जिवंत आहे. मचलू राम आश्विनात, कळप परतण्याच्या आधल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी वारले."