ललिताताईंची वाटी

“ऑपरेशन कुठलंही करा,” पुण्याच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ शीतल मॅडम म्हणाल्या, “पण घरी गेल्यावर यांच्या ताटाकडे कोण बघणार, ते आधी ठरवा.”

“त्यात काय ठरवायचं मॅडम? अकरा माणसांचं घर आहे आमचं. बघायला माणसंच माणसं,” मी हसून म्हणाले आणि मोबाईलमधला पुढचा प्रश्न काढला. वजन उतरवायचं ऑपरेशन, पण स्लीव्ह की बायपास, यातच माझं सगळं लक्ष अडकलं होतं.

ललिताताई माझ्या मोठ्या जाऊबाई. भांडगावात आमची शेवंतीची शेती. ताईंनी ओवलेल्या माळा दौंडच्या बाजारात वेगळ्या ओळखू यायच्या. वजन सव्वाशेच्या पुढं, शुगर जुनी, गुडघे गेलेले. रात्री आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायच्या. जमिनीवर बसल्या तर उठवायला दोघं लागत. म्हणून सगळ्यांची जेवणं उरकली की ओट्यापाशी स्टुलावर एकट्याच जेवायच्या.

“एवढंसं तर खाती, मग ह्ये अंग येतं कुठनं?” असं सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, शेजारणींना सांगायच्या. खरं तर ताई काय खातात, किती खातात, आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. मोठी सून शेवटी जेवते. तोवर बाकीचे हात धुऊन पांगलेले असतात.

“मला काय बारीक व्हायचं न्हाई गं मोनाले,” पुण्याला जाताना गाडीत ताई मला म्हणाल्या होत्या. “फक्त मांडी घालून बसायचंय. तुमच्यात. पंगतीला.”

डॉक्टरांनी कागदावर दोन पोटं काढून दाखवली. स्लीव्हमध्ये पोट उभं कापून केळ्याएवढी नळी ठेवायची. वाट तीच, जागा कमी. ऑपरेशन त्यातल्या त्यात सोपं, पण कापलेला भाग परत येत नाही आणि घशाशी आंबट येणं वाढू शकतं. बायपासमध्ये वरती छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. जुन्या शुगरला, आंबट पाण्याला ते बरं. पण गोड खाल्लं तर घाम, धडधड, उलटी. आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर.

सासरे, म्हणजे आमचे मामा, कागदावर बोट फिरवत होते. “म्हंजी एकात पाट अरुंद करायचा, आन् दुसऱ्यात नवं दारं फोडून पाणी खालच्या वाफ्यात न्यायचं. व्हय ना?”

“अगदी बरोबर, मामा.”

“मग वरचे वाफे कोरडे पडणार की.”

“म्हणूनच गोळ्या,” डॉक्टर म्हणाले.

मी फुग्याचंही विचारलं. पोटात फुगा बसवतात, कापाकापी नाही. “तो काही महिन्यांनी काढावा लागतो. इतक्या वजनाला पुरत नाही,” ते म्हणाले. ताईंची शुगर आणि छातीतली जळजळ बघून शेवटी बायपास ठरलं. ताई एवढंच म्हणाल्या, “मोनालीनं वाचलंय सगळं. ती म्हणंल तसं.”

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर गंमतच सुरू झाली. माझी राजनंदिनी तेव्हा नुकती वरणाच्या पाण्यावरून मऊ भातावर आली होती, आणि ताईही. दोघींच्या सारख्या वाट्या, सारखे छोटे चमचे.

“दोन बाळं झाली गं तुला,” आत्या म्हणायच्या.

पोरगी माझ्याकडून घास घ्यायची नाही. तोंड घट्ट मिटायची. ताईंकडे गेली की गप्प. मला बरंच वाटायचं.

मग शेजारच्या स्नेहलचं डोहाळजेवण आलं. “एवढंसं श्रीखंड, ताई. सवाष्णीनं न्हाई म्हणू नये,” म्हणत कोणीतरी ताईंच्या तोंडात चमचा घातलाच. थोड्या वेळात ताई घामानं भिजल्या, छाती धडधडायला लागली आणि भरल्या बायकांत उलटी झाली. घरी येऊन म्हणाल्या, “ओटीवर शिंतोडे उडाले गं तिच्या.”

त्यानंतर त्या भराभर उतरल्या. ब्लाउज आत घेऊन घेऊन शिवणीला जागा उरली नाही. गावात जो तो म्हणायचा, “काय झकास झाल्या की वहिनी!” ताईंचे मालक, आमचे रविराजदादा, कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला. ते तिथल्या पोरांना ताईंचा फोटो दाखवायचे. मी रोज विचारायचे, “ताई, जेवलात?” ओट्यावर रिकामी वाटी असायची. “ही बघ की,” त्या म्हणायच्या. फेरतपासणीला निघायचं म्हटलं की, “फुलांची तोडणी होऊ दे.”

मग मला बारीकसारीक दिसू लागलं. झाकण पातेल्यावर न बसता शेजारी ठेवलं जायचं. चालताना भिंतीला हात. सुईत दोरा जाईना. “दोन-दोन सुया दिसत्यात गं,” हसून म्हणाल्या.

त्याच आठवड्यात अंगणवाडीत राजनंदिनीचं वजन केलं. चांगलं भरलं होतं. सिंधूबाई सेविका म्हणाल्या, “मस्त हाय पोरगी. काय खाऊ घालतेस?”

मी काही खाऊ घालतच नव्हते. माझ्याकडून तर ती खातच नव्हती.

घरी आले. मागच्या दारानं आत डोकावले. सगळ्यांची जेवणं झालेली. ताई स्टुलावर, समोर राजनंदिनी स्टूल धरून आ वासून उभी. ताईंच्या वाटीतला मऊ भात एकेक चमचा तिच्या तोंडात चालला होता. वाटी पुसून झाली, तशी ताईंनी ती ओट्यावर पालथी न घालता उताणी ठेवली. मला दिसेल अशी.

“ताई.”

दचकल्या. मग म्हणाल्या, “खाल्लेलं वरच येतं गं. गोळ्या बी उलटून पडत्यात. म्हटलं, अन्न वाया जाण्यापरीस लेकराच्या पोटात जाऊ दे.”

“सांगायचं नाही का?”

“सगळी एवढी खूश हायती. काय सांगू?”

तशीच पुण्याला गाडी काढली. डॉक्टरांनी डोळे बघितले, दोन पावलं चालायला लावलं आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली. “उलट्या आणि उपासमार. अंगातलं बी-वन व्हिटॅमिन संपलंय. आणखी उशीर झाला असता तर मेंदूला कायमची इजा झाली असती.”

मी विचारलं, “स्लीव्ह केलं असतं तर?”

“तरी हेच झालं असतं,” ते म्हणाले.

ताईंची नजर जागेवर आली. तोल बराचसा आला. पावलांना मुंग्या मात्र राहिल्या, आणि माळा ओवायच्या असल्या की दोरा मी घालून देते. बाजारात आता आमच्या माळा इतरांसारख्याच दिसतात.

आमच्याकडे पहिलं ताट आता ताईंचं. आत्यांनीच सांगितलं, “आधी ललितेला वाढा.” त्या मांडी घालून बसतात, एकेक घास चावत राहतात. सगळ्यांच्या आधी बसतात आणि सगळ्यांच्या नंतर संपवतात. तोवर कुणी उठत नाही. मामा हात वाळवत शेतातल्या गोष्टी सांगत बसतात.

तुमच्याही घरात सगळ्यात शेवटी जेवणारं कोणीतरी असेलच. आज तिला जेवलीस का म्हणून विचारू नका. ती हो म्हणेल. तिच्या शेजारी जाऊन बसा, आणि तिचं जेवण होईपर्यंत उठू नका.