झिऱ्यावर बसणारा पाहुणा

सहदेवचे कान तुम्ही भरले, साहेब. त्याआधी तो वॉरनला सरळ माणूस समजत होता.

१९६६चा उन्हाळा. कोंबड्या पाळायला शिकवायला म्हणून हा तेविशीतला अमेरिकन पोरगा अमडापुरात उतरला. बौद्धवस्तीतला सहदेव मॅट्रिक झालेला, इंग्रजी वाचणारा. तुम्हीच त्याला वॉरनच्या सोबतीला दिलं. मग एका सोमवारी त्याला तुमच्या तहसील कचेरीत बोलावून हळूच म्हणालात, "नकाशे-बिकाशे काढतो का, लक्ष ठेव. आत्ताच पाकिस्तानशी लढाई झालीय. देशाचं काम आहे."

झालं. त्या दिवसापासून वॉरनचं गप्प बसणंही सहदेवला खुपू लागलं. हा शिकवायचा कमी, ऐकायचा जास्त. आणि वस्तीचं बोलणं आजवर ऐकलं होतं ते फक्त फौजदारानं, तेही लिहून घ्यायला.

"आपण दिवसातून किती वेळा पाणी आणता?" वॉरननं शिकून आलेल्या पुस्तकी मराठीत सहदेवच्या आईला, तानाबाईला विचारलं.

"मले आपण म्हणते," तानाबाई पदराआड हसली. "तुह्या बापानं जन्मात म्हटलं नाही, सहदेव."

"हसू नको, माय. त्याले काऊन पाहिजे आपलं पाणी? काही कालवलं मंग त्याच्यात?"

धम्म घेऊन दहा वर्षं होत आली, तरी गावविहिरीवर वस्तीला पाय ठेवता येत नव्हता. नदीच्या वाळूत उकरलेला झिरा, तेवढंच पाणी. वॉरन आता पहाटेपासून तिथं जाऊन बसू लागला. वही मांडीवर.

"तुहा पाहुणा बायाइकडं काऊन पाहून राह्यला बे?" शेजारचा शालिग्राम म्हणाला.

वॉरन आंघोळीला गेला तशी सहदेवनं वही उघडली. वस्तीचा नकाशा. घराघरावर आकडा. सहदेवच्या घरावर नऊ. घरात माणसं दोन. मग हे नऊ कशाचे? दुपारी त्यानं तुमच्यासमोर, वॉरन चोरून नकाशे काढतो असा जबाब लिहून सही केली. चौथ्या दिवशी वॉरनला जिल्हा सोडायचा हुकूम आला.

खरंच जातो का, हे पाहायला सहदेव एसटीच्या थांब्यावर गेला. न राहवून म्हणाला, "झिऱ्यावर काऊन बसत होता?"

"हा प्रश्न आपण मला आधी का विचारला नाहीत?" वॉरननं पेटीतून एक कागद काढून त्याच्या हातात दिला.

तुमचंच पत्र होतं, साहेब. वस्तीला विहीर द्या म्हणून वॉरननं अर्ज केला होता, त्याला तुमचं उत्तर : नकाशा जोडा, प्रत्येक घरच्या पाण्याच्या खेपा मोजून कळवा. तारीख, तुम्ही सहदेवला बोलावलं त्याच सोमवारची. नऊ म्हणजे तानाबाईच्या खेपा.

सहदेव काही बोलण्याआधी गाडी आली. वॉरननं हात पुढं केला. सहदेवला तो धरवला नाही.

तिथून तो पायीच तुमच्याकडं आला. जुना जबाब खोटा आहे, असं लिहिलेला नवा कागद त्याच्या हातात होता.

"ठेव तिथं," तुम्ही मान वर न करता म्हणालात.

"ठेवत नाही, साहेब. त्याले नकाशा काढाले तुम्हीच सांगतलं, आन् मले त्याच्यावर नजर ठेवाले बी तुम्हीच. विहीर द्याची नव्हती तं नाही म्हणाचं. माह्या हातानं तो अर्ज काऊन मारला? सांगा."