आसरामायच्या घंट्या

“हिला घरी ने, नंदे. अंग तापून राह्यलं हिचं.”

“उन्हात चालत आली न्हाई का माय, म्हणून गरम लागत आसंल.”

“ऊन कुठून आणलं तू? दंवानं माझं लुगडं अजून ओलं हाये.”

मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. नंदाबाई हसली नाही. पोरीला घरी न्यायचे म्हणजे आजची वेचणी बुडाली. आसराबाईने पोरीच्या कानामागे पुन्हा बोटे लावली, पोटावरून हात फिरवला, तोंडाजवळ नाक नेले.

“कानामागं पुरळ लागून राह्यलंय हाताला. गोवर आसला तर समद्या पोरांना धरंल. न्हाई म्हंजे न्हाई. चला, पुढचं आणा.”

“आन् मी काय तुह्या घंट्या खाऊन दिवस काढू?” नंदाबाई म्हणाली. पोरीला काखेला मारून ती आल्या वाटेने धावडा गावाकडे परत गेली.

शेत भुजंग पाटलाचे होते. कापूस फुटला की गावातल्या बायका वेचणीला येत आणि त्यांची लहान पोरे शेताच्या कडेला, कडब्याच्या कोपीत आसराबाईजवळ राहत. पाळण्यातल्या बाळापासून चार वर्षांपर्यंतची. ओटीत पोर आणि झोळीत कापूस असे दोन्ही जमत नाही, म्हणून पाटलाच्या बायकोनेच, द्वारकाबाईने, ही सोय लावून दिली होती. संध्याकाळी प्रत्येक बाई जाताना आसराबाईच्या पदरात ओंजळभर कापूस टाकत असे. हीच तिची मजुरी.

कोपीचे कायदे आसराबाईचे होते आणि ते द्वारकाबाईलाही मोडता येत नसत. तापलेले पोर घ्यायचे नाही. पोराला गप्प निजवायला आईने अफूची गोळी दिली असेल तर तोंडाच्या वासावरून तिला कळे, आणि मग त्या आईला चार बायकांत ऐकून घ्यावे लागे. पिण्याचे पाणी घागरीतलेच. विहिरीजवळ कोणी जायचे नाही. विहिरीला कठडा नव्हता. विहिरीत सात आसरा, पाण्यातल्या देवता, राहतात आणि काठावर आलेल्या पोराला ओढून नेतात, असे ती पोरांना सांगत असे. “आत सात, भायेर एक,” असे म्हणून वेचणीतली झुंबरबाई तिला नावावरून चिडवी. “पोरांनी जावं तरी कुठं?”

आणि घंट्या. आसराबाईचा नवरा पुंजाराम मेंढरे राखायचा. रोगात मेंढरे मेली, दोन वर्षांनी पुंजारामही गेला. मेंढरांच्या गळ्यातल्या पितळी घंट्या तेवढ्या गोणीत पडून होत्या. मागच्या वेचणीपासून तिने त्या एकेका पोराच्या करदोड्याला बांधल्या. पोरे खूश झाली, आयांनाही कौतुक वाटले. म्हातारीला हौस आहे, असे सगळे समजले.

हौस नव्हती. आसराबाईचा डावा डोळा आधीच गेलेला होता, आणि उजव्यापुढे दुधावर यावी तशी साय धरत चालली होती. या दिवाळीनंतर तिला उजेड आणि सावली एवढेच कळे. जालन्याच्या जिनिंगात कामाला असलेला मुलगा मच्छिंद्र सणाला आला, तेव्हा तिने त्यालाही सांगितले नाही. सांगितले असते तर तो तिला सोबत घेऊन गेला असता. जिनिंगच्या चाळीत भिंतीला पाठ लावून बसायचे, कोणी ताट पुढे सरकवील ते चाचपून खायचे. हे तिच्या डोळ्यांपुढे स्वच्छ दिसे.

घंट्यांचा आवाज मात्र तिला चेहऱ्यांसारखा ओळखू येई. सांडूची बारीक आणि घाईची. गोपिकाबाईच्या म्हस्कूची चिरलेली, फुटके भांडे वाजावे तशी. कोण खेळत आहे, कोण पेंगत आहे, कोण कुंपणाकडे सरकत आहे, हे ती पाठ न वळवता सांगे. “सांडू, माघारी फीर!” अशी हाक आली की सांडू खरोखर माघारी फिरे आणि बायका म्हणत, माय पाठीनंसुद्धा बघती.

त्या दिवशी दुपार व्हायला आली. पाळण्यातली पोरे झोपली होती. मोठी कडब्याच्या ताटांची बैलगाडी करून खेळत होती. आसराबाई एका बाळाला मांडीवर थोपटत होती. थोपटता थोपटता तिचा हात थांबला. फुटके भांडे बऱ्याच वेळात वाजले नव्हते.

“म्हस्कू?”

सांडूची घंटी वाजली. बाकीच्यांच्या वाजल्या.

“म्हस्कू रे!”

बाळाला खाली ठेवून ती गुडघ्यांवर फिरली. झोपलेल्या पोरांची डोकी तिने चाचपली. हे गुळगुळीत, हे जावळाचे, ही शेंडी. म्हस्कूचे डोके त्यांत नव्हते. ती कोपीच्या दारात उभी राहिली. पुढे पांढरा उजेड होता, एवढेच.

विहिरीची वाट तिला पायांनी ठाऊक होती. पण ती तिकडे गेली असती तर इथली पोरे उघड्यावर पडली असती. आणि हाक मारली तर काय होईल, हेही तिला ठाऊक होते. तिने वेळ लावला नाही.

“गोपिके! म्हस्कू न्हाई! विहिरीकडं पळा गं, जल्दी!”

शेतात एकदम झाडांची सळसळ झाली. बायका झोळ्या टाकून धावत आल्या. सगळ्यांच्या पुढे झुंबरबाई होती. ती बांध ओलांडून आली आणि उभीच राहिली.

“आगं, कशाला जीव काढता?” धापा टाकत ती म्हणाली. “ते काय समोर बसलंय.”

“समोर कुठं?” आसराबाईने विचारले.



मोटेचे पाणी पडते ते थारोळे कोपीच्या दारासमोरच होते. मधे झाड नाही, झुडूप नाही. भर उन्हात, लाल टोपडे घातलेला म्हस्कू थारोळ्यातल्या ओल्या मातीचे गोळे करत बसला होता. त्याच्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, विहिरीचा काठ होता.

गोपिकाबाईने धावत जाऊन त्याला उचलले, आधी पाठीत एक धपाटा घातला आणि मग छातीशी धरले.

“माय,” झुंबरबाईने हळू विचारले, “तुला दिसलं न्हाई व्हय?”

“न्हाई.”

“कधीपून?”

“एक पयलेच गेल्ता. दुसरा दिवाळीपून.”

गोपिकाबाई पोराला घेऊन आली. त्याच्या करदोड्याची घंटी तिने हातात धरली होती. आत बोट घालून तिने कापसाचा बोळा बाहेर काढला. घंटी फुटकी वाजली.

“मीच घातल्ता,” ती रडत म्हणाली. “राती हा कूस बदलतो आन् वाजती, मंग धाकलं उठतं. रोज घालते, सकाळी काढते. आज इसरले. माय, तुहा काई दोष न्हाई.”

“तिचा दोष न्हाई?” झुंबरबाई म्हणाली. “पोरांवर नजर ठिवायला बसवली हिला. नजर कुठं हाये?”

“गप गं, म्हातारं माणूस हाये,” गोपिकाबाई म्हणाली.

“झुंबर बराबर बोलून राह्यली,” आसराबाई म्हणाली. ती कोपीच्या मेढीला धरून उभी होती. “घंटी वाजती म्हंजे पोर हाये, येवढंच कळतं मला. वाजत वाजत ते काठावर गेलं आसतं, तर पडल्यावरच कळलं आसतं.” मग म्हणाली, “उद्यापून नंदाला बसवा इथं. डोळ्यानं बरी हाये, पोरांवर हात टाकत न्हाई. तिची पोरगी तापली हाये, ती माझ्या घरी आणून टाका. एक पोर बिछान्यावर पडलेलं मी राखीन.”

संध्याकाळी बायकांनी नेहमीसारखा तिच्या पदरात कापूस टाकला. झुंबरबाईने दोन ओंजळी टाकल्या. आसराबाईला वजनावरून कळले. गावापर्यंत सांडू तिचे बोट धरून चालला. रोज तीच त्याचे धरीत असे.

तिसऱ्या दिवशी पहाटे नंदाबाई दारात आली. पोरगी दोन रात्री आसराबाईकडेच होती. गोवर अंगभर उमटला होता, ताप उतरणीला लागला होता. नंदाबाईने पोरीच्या कपाळाला हात लावला आणि उंबऱ्यात एक गोणी ठेवली. गोणी वाजली.

“घंट्या हायेत, माय. मला त्या गलक्यात काई सुचत न्हाई. आन् डोळे हायेत तर कशाला?”

“बराबर हाये,” आसराबाई म्हणाली. “कानामागं बघतीस का?”

“पयलं कानामागंच बघते. आन् पाटलानं सोता उभं राहून विहिरीला बोराटी लावून घेतली काल. कोंबडी जायची न्हाई आत.”

“हे कामाचं झालं.”

नंदाबाई गेली. उजाडताना बायका पोरांना घेऊन घरावरून जाऊ लागल्या. आसराबाई उंबऱ्यात बसून होती. पावलांमागून पावले गेली. कोणी खोकले, कोणी किरकिरले, कोणाची बांगडी वाजली. कोणाचे पोर गेले, हे तिला कळेना. सांडू गेला असेल, गेला नसेल.

मग वळणावरून फुटके भांडे वाजत आले आणि तिच्यासमोर थांबले.

“ह्याची राहू दिली मी, माय,” गोपिकाबाई म्हणाली. “सोडाया गेले तर भोकाड पसरून राह्यला.”

आसराबाईने हात पुढे केला. म्हस्कूचे पोट सापडले, करदोडा सापडला, घंटी सापडली. तिने आत बोट घातले. आत काही नव्हते.

“जा,” ती म्हणाली.

घंटी वाजत ओढ्यात उतरली, पलीकडे चढली, आणि वाऱ्यात मिसळून गेली. आत पोरगी झोपेत कण्हली. आसराबाईने तिच्या अंगावरचे पांघरूण नीट केले, गोणी जवळ ओढली आणि कोपऱ्यातल्या ढिगातून मूठभर कापूस घेतला. एकेक घंटी मुठीत घट्ट धरून ती बाहेर काढायची, तिच्यात बोटाने कापूस दाबून बसवायची आणि परत ठेवायची. शेवटची झाल्यावर तिने गोणी उचलून भिंतीच्या खुंटीला लावली. गोणी वाजली नाही. पोरगी झोपूनच होती.